विहिरीचं पाणी खाणीनं नेलं की उन्हाळ्यानं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. दक्षिण सोलापूर तालुक्यात तुमची साडेतीन एकर जमीन आहे आणि विहीर ४८ फूट खोल आहे. शेतापासून साधारण ४०० मीटरवर तीन वर्षांपूर्वी खडीची खाण सुरू झाली. दुसऱ्या वर्षी खाणीत पाणी लागलं आणि तेव्हापासून तिथं पंप चालतो. पूर्वी मेच्या मध्यापर्यंत तुमची मोटार तास-दीड तास ओढायची, यंदा मार्चमध्येच विहीर तळाला गेली. खाणवाले म्हणतात, "पाऊसच नाही, आम्ही काय करणार?" आणि तुम्ही विचारताय की पाण्याची पातळी मोजायची कशी, आणि किती दिवस मोजली म्हणजे तो पुरावा होतो.

मी मूळचा सोलापूरचाच, पण भूजलाच्या कामातली माझी बरीचशी वर्षं वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात गेली. खुल्या खाणींच्या भोवती गावोगावच्या विहिरी आणि निरीक्षणासाठी खास घेतलेल्या बोअर मोजत फिरणं, हे काम. तिथं कोळसा, इथं काळा दगड. पण शेतकऱ्याचं आणि खाणवाल्याचं भांडण अक्षरशः तेच, वाक्यंसुद्धा तीच.

आधी एक गोष्ट वेगळी करतो. पातळी मोजणं अवघड नाही, दहावीतला मुलगा दोन दिवसांत शिकतो. तुमचा खरा प्रश्न हा की पाणी जेवढं उतरलं त्यात खाणीचा वाटा किती. विहिरीतून पाणी नेणारे एकटे खाणवाले नसतात. पाऊस कमी झाला की मुरणारं पाणी कमी होतं. तुमची स्वतःची मोटार आहे. शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी घेतलेली पाचशे फुटांची बोअर आहे. ओढ्याच्या कडेला कुणी ऊस लावला असेल, कुणी डाळिंब. या सगळ्यांची बेरीज तुमच्या टेपवर एकाच आकड्यात उतरते. त्या आकड्यातून खाणीचा हिस्सा बाजूला काढता येईल अशा रीतीनं मोजलं, तरच त्याला अर्थ. नाहीतर वही भरते आणि पहिल्याच सुनावणीत समोरचा विचारतो, "पण यात दुष्काळ किती?"

आणि हेही आधीच सांगतो की खाण तुमचं पाणी ओढतच असेल असं मी इथं बसून म्हणू शकत नाही. ४०० मीटर हे अंतर असं आहे की दोन्ही शक्य आहे. ते ठरतं मुख्यतः दोन गोष्टींवर: खाणीचा तळ तुमच्या विहिरीतल्या पाण्याच्या वर आहे की खाली, आणि मधला दगड कसा आहे.

दगडाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथंच माझी स्वतःची पहिली फजिती झाली. कोळसा पट्ट्यातून आलो तेव्हा तिथलीच गणितं डोक्यात होती. तिकडं कोळसा गाळाच्या खडकांत आहे, वालुकाश्म आणि शेल (चिकणमाती घट्ट होऊन झालेला दगड) यांचे एकावर एक थर. वालुकाश्मात पाणी बऱ्यापैकी सारखं पसरलेलं असतं, त्यामुळं खाणीतून पंपानं पाणी काढलं की उतार लांबवर आणि साधारण सगळीकडं जाणवतो. पण मध्ये शेलचा चिवट थर आला की वरचं पाणी वर आणि खालचं खाली. एका गावात शेजारी शेजारी दोन निरीक्षण-बोअर होत्या, एक उथळ, एक खोल. उथळ बोअरमध्ये पाणी जमिनीपासून सहा-सात मीटरवर, खोल बोअरमध्ये चाळीसच्याही खाली. गावातले हातपंप कोरडे पडले होते आणि विहिरी मात्र भरलेल्या. खाणीकडचे लोक विहिरींचे आकडे दाखवायचे, गावकरी हातपंप. दोघंही खरं बोलत होते.

आपल्याकडं तसं नाही. सोलापूर जिल्हा जवळपास सगळा बेसाल्टवर, म्हणजे लाव्हाच्या थरांवर बसलाय. तुमची विहीर खणताना वडिलांनी किंवा आजोबांनी पाहिलं असेल: वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका कातळ, मग एखादा पोकळ्या-पोकळ्यांचा दगड आणि त्याखाली घण वाजणारा काळा पाषाण. कधी दोन थरांच्या मध्ये वीतभर तांबडी माती. पाणी असतं ते मुरमात, फुटक्या कातळात, पोकळ्यांच्या दगडात आणि दोन थरांच्या सांध्यात. काळ्या पाषाणात भेग असेल तर आहे, नाहीतर ठणठणीत. त्यामुळं खाणीनं ज्या सांध्याला हात घातला तोच सांधा तुमच्या विहिरीचा झरा असेल, तर ४०० काय, ७०० मीटरवरूनही पाणी ओढलं जाईल. आणि सांधा वेगळा असेल तर दीडशे मीटरवरच्या विहिरीला खबरही नसते. अंतर पाहून निकाल देणाऱ्यावर इथं विश्वास ठेवू नका, मग तो तुमच्या बाजूनं बोलत असला तरी.

दुसरी गोष्ट, आपल्या दगडात पाणी साठतं फार थोडं. भूजलाच्या हिशेबात कुजलेल्या, फुटक्या बेसाल्टसाठी साधारण दोन टक्के धरतात, म्हणजे शंभर घनमीटर दगडात वापरण्याजोगं पाणी दोन घनमीटर. म्हणून आपल्या विहिरी चटकन चढतात आणि चटकन उतरतात. समजा वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर आणि त्यातला सात टक्के मुरला, म्हणजे ४२ मिलिमीटर. दोन टक्क्यांच्या दगडात तेवढ्यानं पातळी दोन मीटरच्या वर चढते. तेवढंच पाणी नदीकाठच्या वाळूत मुरलं तर जेमतेम वीतभर चढ दिसेल. म्हणून आपल्याकडं एका चुकलेल्या हस्तानं विहीर सहा-सात फूट खाली असते, त्याला खाण लागत नाही. खाणवाले पूर्ण थाप मारतायत असं समजू नका.

आता पहिलं काम. टेप नंतर, आधी खाणीच्या काठावर जा. शक्यतो नोव्हेंबरात जा, पाऊस थांबून महिना झाल्यावर. आत उतरू नका, परवानगी नसेल तर रस्त्यावरूनच बघा, मोबाईलनं फोटो काढा. खाणीच्या उभ्या भिंतीवर एक ओली पट्टी दिसते. वरचा दगड करडा, कोरडा; मग एक काळपट ओली रेघ, तिथं शेवाळ किंवा लव्हाळ्याची चार पाती; आणि तिथून खाली पाण्याचे ओघळ. तोच तो सांधा. ही पट्टी तुमच्या विहिरीतल्या झऱ्याच्या उंचीला आहे का, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

ते डोळ्यांनी कळत नाही, मधला चढ-उतार फसवतो. मोबाईलमधली उंची तर मुळीच धरू नका, ती कित्येक मीटर इकडं-तिकडं असते. गवंडी पाण्याची नळी लावून लेव्हल घेतात तशी ४०० मीटर नेता येते, पण पंधरा-वीस वेळा नळी सरकवावी लागते आणि दर वेळी थोडी थोडी चूक साठते. सोपा मार्ग म्हणजे रस्त्याच्या किंवा प्लॉटिंगच्या कामावर लेव्हलचं यंत्र असलेला एखादा सर्व्हेअर अर्ध्या दिवसासाठी बोलवा. त्याला सांगा: विहिरीच्या कठड्यावरची खूण, शेजारच्या विहिरींच्या खुणा, खाणीचा काठ, आणि काठावरून दिसणारं खाणीतलं पाणी, एवढ्यांची एकमेकांशी उंची काढून दे. समुद्रसपाटीपासून नको, एक खूण १०० मीटर धरून बाकीच्या त्या हिशेबात चालतील. हा एकदाच करायचा खर्च आहे, आणि त्याशिवाय बाकीचं सगळं अंधारात.

खाणीचा तळ तुमच्या पाण्याच्या पातळीच्या वर निघाला, तर दादा, स्पष्ट सांगतो, खाणीनं तुमचं पाणी ओढलं असण्याची शक्यता कमी. वरचा मुरूम काढल्यानं तिथं मुरणारं पाणी कमी-जास्त झालं असेल, पण तो वेगळा आणि छोटा विषय. तळ खाली निघाला, तर पुढं वाचा.

मोजायचं कसं. विहिरीच्या कठड्यावर एका जागी ऑइल पेंटनं बोटभर लाल रेघ मारा. दर वेळी टेप तिथूनच. रेघेपासून जमिनीपर्यंत कठड्याची उंची एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आपल्याकडं "दीड परस पाणी आहे" असं बोलतात, ते बोलायला ठीक, पण परस माणसागणिक बदलतो. वहीत मीटरच लिहा. टेप स्टीलची घ्या. कापडी आणि नायलॉनची ओली होऊन ताणते, उन्हात आणखी. टोकाला दोन-तीन नट बांधा. शेवटच्या अर्ध्या मीटरला शाळेचा खडू घासा. मग टेप खाली सोडा आणि रेघेवर नेमका पूर्ण आकडा आणून धरा, समजा १४ मीटर. वर ओढा. खडू जिथपर्यंत भिजून काळवंडलाय तो आकडा वाचा, समजा ०.३७. चौदातून ०.३७ वजा, १३.६३. कठडा ०.८५ असेल तर तो वजा करा, जमिनीपासून १२.७८ मीटर. झालं. लगेच दुसऱ्यांदा तसंच करा. दोन आकड्यांत एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पाण्याला टेप लागली की नाही हे वरून वाकून बघण्याच्या नादात लोक पडतात. खडूच्या पद्धतीत बघावं लागत नाही, हा तिचा मोठा फायदा.

बोअर मोजायची असेल तर जरा खटपट आहे. आत पाणबुडी मोटारीची केबल असते, टेप अडकली की मोटार काढावी लागते आणि मग शेजारी परत कधी मोजू देत नाही. दोन पदरी वायर, टोकं उघडी, वर बॅटरी आणि बझर, असं उपकरण इलेक्ट्रिकवाला बनवून देतो. पाण्याला लागलं की वाजतं. पण आपल्या बोअरना केसिंग, म्हणजे आतून बसवलेला पाईप, वरच्या वीस-तीस फुटांपर्यंतच असतं, त्याखालच्या सांध्यातून पाणी आत गळत असतं आणि बझर त्या धारेलाच वाजतो. कान लावून बघा, आत पाणी पडल्याचा आवाज येतो. हा आवाज तुमच्या प्रश्नासाठीही महत्त्वाचा आहे: वरच्या थराचं पाणी, म्हणजे तुमच्या विहिरीचं पाणी, त्या बोअरमधून खाली उतरतंय. अशा चार बोअर विहिरीभोवती असतील तर खाणीला दोष देण्याआधी त्या मोजा.

आता वेळ. पातळीची सगळी भेसळ इथं होते. मोटार चालून गेली की विहिरीतलं पाणी खाली असतं आणि झऱ्यांनी हळूहळू भरतं. त्या मधल्या वेळात काढलेला आकडा विहिरीचा असतो, जमिनीतल्या पाण्याचा नाही. वणी भागात एका विहिरीचे आकडे दोन वर्षं मला छळत होते. जानेवारीत पाणी खोल, मे महिन्यात वर. उन्हाळ्यात चढणारी विहीर! एका अहवालात तर ती "खाणीचा परिणाम नाही" याचं उदाहरण म्हणून छापली गेली. मी जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा कपडे धुणारी एक आजी म्हणाली, "साहेब, तुमी येता तवा मोटर सुरूच रायते, मंग पानी कसं दिसन?" गव्हाला पाणी चालू होतं. आमची गाडी सकाळी अकराला पोचायची, मोटार सहापासून चालू. मेमध्ये शेत मोकळं, मोटार बंद, त्यामुळं पाणी वर. दोन वर्षांचे आकडे एका वाक्यात रद्दी झाले. तेव्हापासून मी वहीत पातळीच्या शेजारी एक रकाना ठेवतो: मोटार शेवटची कधी बंद झाली.

तुमच्या विहिरीला भरायला किती वेळ लागतो हे एकदा काढून घ्या. मोटार लावून पाणी चांगलं खाली न्या, बंद करा, आणि दर तासाला पातळी लिहा. दोन लागोपाठच्या आकड्यांत फरक राहिला नाही की तेवढा वेळ तुमच्या विहिरीची विश्रांती. कुणाची सहा तासांत भरते, कुणाची दीड दिवस घेते, आणि उन्हाळ्यात हा वेळ वाढतो. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येत असेल, तर "रोज सकाळी सातला" हा नियम उपयोगाचा नाही. ज्या आठवड्यात रात्री मोटार चालली त्या आठवड्यात सकाळचा आकडा खोटा. विश्रांती पूर्ण झाल्यावर मोजायचं, घड्याळ काहीही म्हणो.

किती वेळा? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, १९७२ साली स्थापन झालेली आपली राज्याची यंत्रणा, तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीच्या पत्रांतही चारच वेळा असायचं: मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी. तालुक्याचा कल बघायला चार आकडे पुरतात. पण पंप कधी सुरू झाला आणि कधी बंद पडला हे त्यात दिसत नाही, आणि तुमचा खटला नेमका तिथं आहे. म्हणून दर आठ दिवसांनी मोजा. आठवडी बाजाराचा दिवस ठरवला तर लक्षात राहतो.

सर्वांत महत्त्वाचं, एकट्या तुमच्या विहिरीचे आकडे काहीही सिद्ध करत नाहीत. निदान पाच विहिरी लागतील. दोन खाणीच्या जवळ, तुमची धरून. एक-दोन मधल्या अंतरावर. आणि एक तरी लांब, दीड-दोन किलोमीटरवर, जिथं खाणीचा हात पोचणं शक्य नाही. मी तिला साक्षीदार विहीर म्हणतो. तिची निवड चुकली की सगळं चुकलं. पाऊस तोच हवा, माती-मुरूम तसाच हवा, पिकं साधारण तीच हवीत, आणि ती तलावाच्या किंवा कालव्याच्या खाली नको. कालव्याला पाणी सुटलं की ती भरते आणि तुमच्या विहिरीच्या बाजूनं खोटी साक्ष देते. कोळसा पट्ट्यात याच्या उलटं व्हायचं: खाणीतून काढलेलं पाणी नाल्यात सोडत, नाल्याकाठच्या विहिरी त्या पाण्यानं तुडुंब, आणि अहवालात नेमक्या त्याच विहिरी. तुमच्या खाणीचं पाणी कुठं सोडतात तेही बघून ठेवा.

मग हिशेब असा. समजा नोव्हेंबर ते मार्चमध्ये साक्षीदार विहीर २.३ मीटर उतरली आणि तुमची ४.४. दोघींवर पाऊस एकच, म्हणून २.३ हा हंगामाचा वाटा धरू. उरले २.१ मीटर. हे २.१ खाणीचे आहेत असं लगेच म्हणायचं नाही. त्यात तुमची मोटार आणि शेजारची बोअर आहे. पण खाणीच्या अंतराप्रमाणं हा उरलेला आकडा कमी होत गेला, जवळच्या विहिरीत २.१, मधलीत १.२, त्यापुढं ०.३, तर बोट खाणीकडं वळतं. बोअरमुळं असतं तर उतार बोअरभोवती दिसला असता.

खाणीचा पंप किती ओढतो हाही एक हिशेब करून बघा. २०० लिटरचा बॅरल पाईपखाली २० सेकंदांत भरत असेल तर सेकंदाला दहा लिटर, तासाला ३६ हजार, आठ तासांना २ लाख ८८ हजार लिटर. पाच महिन्यांत सुमारे ४३ हजार घनमीटर. हे सगळं पाणी खाणीभोवतीच्या ४०० मीटरच्या वर्तुळातून, म्हणजे सव्वाशे एकरांतून आलं असं धरलं, तर दोन टक्क्यांच्या दगडात पातळी चार मीटरच्या वर उतरते. आकडा मोठा वाटतो ना? पण हाच हिशेब उलटा लावा: त्याच सव्वाशे एकरांत तुमच्यासारख्या किती मोटारी आहेत आणि त्या रोज किती तास चालतात? त्या पंपाएवढ्याच धारेच्या आठ मोटारी रोज तासभर चालल्या की त्या खाणीच्या पंपाएवढंच ओढतात. हे ठोकताळे आहेत, पाणी लांबूनही येतं, खाणीत पावसाचं साठलेलं पाणीही असतं. पण कोण किती मोठा, हे त्यातून कळतं. खाणवाले बॅरल लावू देणार नाहीत. पंपाची हॉर्सपॉवर आणि चालण्याचे तास लांबून नोंदवले तरी अंदाज येतो.

पुराव्यासाठी माझ्या अनुभवात सगळ्यात वजनदार गोष्ट एकच, आणि ती फुकट मिळते. खाणीचा पंप कधी ना कधी बंद पडतो. दिवाळीला कामगार गावी जातात, आठ-दहा दिवस खाण शांत. किंवा पंप जळतो, किंवा दंडाच्या कारवाईत काम थांबतं. त्या दिवसांत रोज मोजा, सकाळ-संध्याकाळ. पाऊस नाही, तुमची मोटार नेहमीसारखी किंवा त्याहून बरं म्हणजे बंद, साक्षीदार विहीर तिच्या गतीनं उतरतेय, आणि तुमची विहीर मात्र उतरायची थांबली किंवा वर चढली, आणि पंप सुरू झाल्यावर परत उतरायला लागली, तर असा आलेख पाहून कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. एका गावात बिघाडामुळं खाणीचा पंप नऊ दिवस बंद होता. आमच्याकडं त्या नऊ दिवसांचे आठ आकडे होते, आणि चर्चेत पुढं फक्त त्या आठांवरच बोलणं झालं. त्याआधीची तीन वर्षं कुणी उघडूनही पाहिली नाहीत की ओ! म्हणून दिवाळीला पाहुण्यांकडं जाणार असाल तर वही कुणाच्या तरी हातात देऊन जा.

तुमची अडचण अशी की खाण सुरू होण्याआधीचे आकडे तुमच्याकडं नाहीत. कुणाकडंच नसतात. पण मागचं थोडंफार उकरता येतं. गावात किंवा शेजारच्या गावात शासनाची निरीक्षण विहीर असेल तर तिचे जुने आकडे भूजल सर्वेक्षणच्या सोलापूरच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करून मागा, नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात. २०१८ आणि २०२३ सारख्या कमी पावसाच्या वर्षांत ती विहीर किती उतरली होती ते बघा. २०१८ मध्ये, खाण नसताना, तुमचीही विहीर मार्चमध्ये आटली असेल तर तुमची बाजू लंगडी पडते, आणि तेव्हा टिकली असेल तर भक्कम होते. तुमच्या आठवणीला कागद जोडा: फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपच्या तळाची झडप, खाली उतरवण्यासाठी पाईप कधी आणि किती फूट घेतला, त्याच्या पावत्या दुकानदाराकडं निघतात. गूगल अर्थवर जुन्या तारखांची छायाचित्रं बघता येतात. खाणीचा खड्डा कधी वाढला, त्यात पाणी कधी साठलेलं दिसतं, हे तारखेसकट मिळतं. पावसाचे आकडे महसूल मंडळनिहाय मिळतात, पण मंडळ मोठं असतं आणि आपल्याकडं शिवाराच्या या टोकाला पाऊस आणि त्या टोकाला ऊन. सरळ भिंतीचा एक पत्र्याचा डबा मोकळ्या जागी ठेवा, सकाळी पट्टीनं मोजा.

सुरुंगाचं तुम्ही शेवटी विचारलंय. सुरुंगानं झरा बुजला किंवा विहिरीची बांधणी हलली असं काही ठिकाणी होतं, पण ते एका दिवसात घडतं: काल पाणी होतं, आज गढूळ, उद्या कमी. तुमचं उतरणं तीन वर्षांत हळूहळू आहे, म्हणून मी सुरुंगामागं वेळ घालवणार नाही. कोळसा खाणीजवळ पाण्याची प्रतही वर्षातून एकदा तरी तपासावी लागते, कारण कोळशाच्या थरातल्या गंधकामुळं पाणी बिघडू शकतं. दगडाच्या खाणीत तो प्रश्न सहसा नसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. दगड हे गौण खनिज, त्याचा खाणपट्टा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत. जानेवारी २०१६ पासून पाच हेक्टरांच्या आतल्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्राची प्रत मिळवा आणि अटी वाचा. भूजल पातळीच्या खाली खोदकाम करायचं नाही, किंवा वेगळ्या परवानगीनंच करायचं, अशी अट बहुतेक पत्रांत असते. आणि खाणीत बारमाही पंप चालतो म्हणजे खोदकाम पातळीच्या खाली गेलंय. ही अट तुमच्या पत्रात निघाली तर तुम्हाला किती मीटर आणि किती टक्के हे सिद्धच करावं लागणार नाही. मग तुमची वही जोडपत्र म्हणून, आणि भूजल सर्वेक्षणच्या भूवैज्ञानिकाकडून स्थळपाहणी मागायची. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ लागू आहे, तांत्रिक मत त्यांचंच धरलं जातं. ते येतील तेव्हा तुमच्या खुणेवरून, तुमच्या पद्धतीनं त्यांना एकदा मोजायला लावा. त्यांचा आकडा आणि तुमचा जुळला की मागचं सगळं पान आपोआप विश्वासाचं होतं.

किती दिवस, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर: एक पूर्ण पावसाळा आणि त्यापुढचा पूर्ण उन्हाळा, याच्या आत नाही. दोन वर्षं मिळाली तर उत्तम, कारण एक साल कमी पावसाचं आणि एक बरं असं पडलं तर तुलना आणखी स्वच्छ होते. मध्येच खाणीचा पंप बंद पडला आणि तुम्ही तेवढे दिवस गाठलेत, तर महिन्याभरातही काम होऊ शकतं.

या आठवड्यात एवढंच करा. रंगाची रेघ मारा, विहीर भरायला किती तास लागतात ते काढा, आणि साक्षीदार विहिरीचा मालक कोण होतो ते बघा. तो तुमच्या वादात नसलेला माणूस असावा, आणि त्याला आधीच सांगा की आम्ही तुझी मोटार मोजायला येत नाही. नाहीतर अनधिकृत कनेक्शनच्या भीतीनं तो तिसऱ्या आठवड्यात फाटक लावतो. माझं दोनदा तसं झालंय.

पहिल्या चार आठवड्यांचे आकडे, मोटार बंद केल्याच्या वेळेसकट, इथंच टाका. बघून सांगतो.